तुझ्या पोटातलं केशवापूर

काल तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते आणि तव्यावरची भाकरी करपायला आली होती. म्हणून नुसतं 'हो गं, हो गं' करून ठेवून दिला. पण तुझा आवाज रात्रभर डोक्यात राहिला. आठवा महिना लागलाय, पुण्याहून माहेरी येऊन चार दिवस झालेत, आणि आता तुला वाटतंय की येण्यात चूक झाली. तिकडे भिंतीवर फिल्टर, तोटी फिरवली की पाणी. इथं हुबळीच्या केशवापुरात पाणी यायच्या दिवशी सगळी गल्ली घागरी-पिंपं घेऊन जागी. त्यात तुझ्या मैत्रिणीचं वीस दिवसांचं बाळ जुलाबांनी दवाखान्यात ठेवावं लागल्याचं ऐकलंस आणि घाबरलीस. "ताई, इथल्या पाण्यानं माझ्या बाळाच्या पोटात काही गेलं तर?"

पाय वर घेऊन बस. आईला सांग, ताईनं लिहिलेलं वाचून झाल्याशिवाय मला हाक मारू नको.

खरं सांगू का, तुझी भीती खोटी नाही. आपल्या हुबळी-धारवाडच्या पाण्यावर मोठा अभ्यास झालाय. 2008 च्या सुमारास इथल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला आणि बाकी गाव चार-चार दिवस नळाकडे डोळे लावून बसलं. एकच शहर, माणसंही तीच, फक्त नळाची तऱ्हा वेगळी. संशोधकांना आयतीच सोय झाली. अमेरिकेतल्या बर्कलीच्या लोकांनी इथं येऊन नळाखाली बाटल्या धरल्या. 2013 मध्ये त्यांनी छापलं, की अधूनमधून येणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ 32 टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडला, आणि चोवीस तासवाल्या नळांत एक टक्कासुद्धा नाही, 0.7. कारण साधं आहे. पाइप रिकामा पडला की त्यातला जोर जातो, आणि फटीतून गटाराचं, मातीतलं पाणी आत ओढलं जातं. पण मला खरी टोचली ती पुढची गोष्ट. दोन्हीकडच्या घरांत भरून ठेवलेलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा वाईट निघालं. चोवीस तासवाल्यांचंसुद्धा! म्हणजे महापालिकेला शिव्या घालून आपण सुटत नाही. तांब्या बुडवणारा हात आपलाच की.

आता घाबरलीस ना आणखी? थांब, अजून अर्धंच सांगितलंय.

बघ, तुझं बाळ हे पाणी पिणारच नाहीये. सहा महिने एक चमचाही नाही. आणि दुसरं म्हणजे, तू हे पाणी प्यायलीयेस. चोवीस वर्षं. शाळेच्या नळाचं प्यायलीस, दुर्गद बैलात पाणीपुरी खाल्लीस, गिरमिट-मिरचीवर ताव मारलास, दर पावसाळ्यात एकदा पोट धरून झोपलीस. तुझ्या आईनं तेव्हा जिऱ्याचं पाणी पाजता पाजता तुला भरपूर बोलणी घातली. तुला वाटतं ती आजारपणं वाया गेली? अगं, तुझ्या पोटानं त्या सगळ्या जंतूंची नावनिशी लिहून ठेवलीय. ती वही आता बाळाकडे जायची वेळ आलीय.

कशी जाते सांगते. करोनात 'अँटीबॉडी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, त्यामुळे माझं काम सोपं झालंय. आई बाळाला दोन शिदोऱ्या बांधून देते. पहिली वारेतून, म्हणजे बाळ पोटात असतानाच. आईच्या रक्तातल्या एका जातीच्या अँटीबॉडी वार अक्षरशः उचलून पलीकडे पोचवते, आणि ही ने-आण सगळ्यात जोरात चालते ती शेवटच्या महिन्यांत. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात या अँटीबॉडी कधीकधी आईपेक्षाही जास्त असतात. म्हणून दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाला जास्त जपावं लागतं. बिचाऱ्याची शिदोरी बांधून व्हायच्या आतच गाडी सुटलेली असते. तुला जे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं ना, तेही याच वाटेनं बाळाला पोचतं. दंड तुझा दुखतो, राखण बाळाची होते. एके काळी आपल्याकडे ओल्या नाळेतून शिरलेला धनुर्वात बाळं न्यायचा. ही इंजेक्शनं पोचली, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, आणि 2015 मध्ये भारतानं त्या नवजात धनुर्वातावर मात केल्याचं जाहीर झालं.

पण या पहिल्या शिदोरीत एक उणीव आहे. अंगानं मोठ्या असलेल्या एका जातीच्या अँटीबॉडीला वारेतून पलीकडे जाताच येत नाही. आणि ई. कोलायसारख्या पोटातल्या जंतूंशी लढायला नेमकी तीच फार कामाची. म्हणून नवं बाळ या जंतूंपुढे जरा उघडं पडतं. ती उणीव भरून काढते दुसरी शिदोरी, दुधाची.

ही दुसरी मला फार आवडते. बाळंतपणाच्या आसपास तुझ्या आतड्यातल्या काही पेशी, ज्यांनी इथले जंतू जवळून पाहिलेत, त्या रक्तातून निघून छातीत जाऊन बसतात आणि दुधात आपल्या अँटीबॉडी सोडायला लागतात. ही अँटीबॉडी बाळाच्या रक्तात जात नाही. ती आतड्याच्या आतून पसरते आणि जंतूला तिथं चिकटूच देत नाही. भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरतेस ना, तसं. पीठ असेल तर भाकरी सरकते, नसेल तर चिकटून फाटते.

आणि हे आजचं शोधलेलं नाही हं. 1892 मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख नावाच्या डॉक्टरांनी उंदरांवर हे दाखवलं होतं, आणि कशानं माहितीये? गुंजेनं! सोनाराच्या तराजूतली लाल-काळी गुंज. गुंजेत आणि एरंडीच्या बीत जहाल विष असतं. (कौतुकानं बाळाच्या हातात गुंजांची माळ बांधायला कुणी आलं तर सरळ नको म्हण.) एर्लिखनी उंदरिणींना ते विष कणाकणानं वाढवत पचवायला शिकवलं आणि मग त्यांच्या पिल्लांची अदलाबदल केली. साध्या आईचं पिल्लू विष पचवलेल्या आईच्या अंगावर प्यायलं, तर तेही विषापुढे टिकलं. म्हणजे दुधातून काहीतरी जातंय हे तेव्हाच कळलं होतं.

मग 2020 मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी आणखी एक गंमत दाखवली, तीही उंदरांतच. जुलाब करणाऱ्या ई. कोलायपासून पिल्लांना वाचवणारी अँटीबॉडी आईकडे होती, पण आईला तो आजार कधी झालेलाच नव्हता! तिच्या आतड्यात राहणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूमुळे ती तयार झाली होती. गल्लीतल्या शांत भाडेकरूचा चेहरा ओळखीचा असला की त्याच्या गुंड चुलतभावालाही ओळखावं, तसं काहीसं. वारेतून आणि दुधातून दोन्हीकडून ती पिल्लांना मिळत होती. उंदराचं सगळं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, पण सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणून घरचं जेवू घालायची आपली रीत मला तेव्हापासून जास्तच शहाणी वाटायला लागलीय. ज्या घरात बाळाचे पहिले महिने जाणार, त्याच घरची हवा, तिथलेच जंतू आईच्या ओळखीचे झालेले बरे.

लगेच उड्या मारू नकोस. "मग ताई, मी मुद्दाम नळाचं पाणी पिऊ का?" असं तू विचारणारच, मला माहितीये. अजिबात नाही! तुझी वही आधीच भरलेली आहे, आता नवीन पानं नकोत. पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात फार वाईट वळण घेऊ शकते. तुझं पाणी उकळून गार केलेलंच. पाणीपुरी बाळ रांगायला लागल्यावर, मी स्वतः नेईन.

आता माझी फजिती ऐक. माझा थोरला, जो आता दाराच्या चौकटीला डोकं आपटतो, तो झाला तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्या दिवशी छातीतून आलं ते घट्ट, पिवळं, मोजून चमचाभर. मला वाटलं, बाई गं, हे काय नासलंय. शेजारच्या एका काकूंनी "तो चीक काढून टाक, बाळाला बाधतो" म्हणून सांगितलं आणि मी मुकाट्यानं काढून टाकला. दोन दिवस बाळाला साखरपाणी. वर एप्रिलचा उन्हाळा, म्हणून पुढे उकळलेलं पाणी चमच्यानं. आणि बाटली! तिचं बूच मी रात्री धुतलं होतं असं मला अजून ठाम आठवतं, पण ते 'धुणं' म्हणजे नळाखाली धरणं होतं. विसाव्या दिवशी पोराला जुलाब सुरू झाले. टाळू खोल गेली, रडायचा आवाजच येईना. चार रात्री दवाखान्यात काढल्या. बाळ बरं झालं, पण मी त्या चार रात्री आयुष्यभर विसरणार नाही.

आणि ज्या आठवड्यात मी माझा चीक मोरीत ओतला, त्याच आठवड्यात गवळ्यानं म्हशीचा चीक आणून दिला आणि मी वेलची-जायफळ घालून त्याचा खरवस केला. इथले शेजारी त्याला गिण्णु म्हणतात, तुला माहितीच आहे. वाटी-वाटी वाटला सगळीकडे, पौष्टिक म्हणून. आता आठवलं की स्वतःच्याच टाळक्यात मारावंसं वाटतं. नंतर मी गवळ्याला विचारलं, "वासराचा वाटा आम्हाला देता होय?" तो म्हणाला, "अक्का, वासरू पोटभर प्याल्यावर उरतो तोच. पहिला चीक नाही पाजला तर वासरू जगत नाही." त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. गाई-म्हशीच्या वारेतून वासराला अँटीबॉडी जवळजवळ मिळतच नाहीत. पहिल्या एका दिवसात चिकातून जे मिळेल तेच. आपल्या बाळाचं तसं नाही, त्याला वारेतून बरंच मिळालेलं असतं. पण चीक त्यालाही हवाच, कारण दुधातली ती आतड्याची राखण चिकात सगळ्यात दाट असते. आणि थोडा येतो म्हणून रडू नको. पहिल्या दिवशी बाळाची भूकही थोडीच असते.

तर बाळंत झाल्यावर तासाभराच्या आत बाळ छातीशी. सिझर झालं तरी. तेव्हा तू भुलीत, टाक्यात, थकव्यात असशील, तुला आठवणार नाही. म्हणून नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, नर्सबाईंना आठवण करून द्यायचं काम त्याचं. त्यालाही काहीतरी काम लागतंच, नाहीतर नुसता चहा पीत फिरतो.

मध चाटवायला येणारे येतीलच. सोन्याच्या अंगठीनं चाटवू, एवढंसंच, असं म्हणतील. मधात असे काही बीजाणू असू शकतात की ज्यांनी लहान बाळाच्या अंगातलं बळ जातं, म्हणून वर्षभर मध नाही. सहाणेवरची घुटी, वेखंड, हळकुंड, हिरडा, यावर मी भांडत नाही, फक्त विचारते: सहाण कुठल्या पाण्यानं धुतली? घासणारे हात कुणाचे? तुझ्या आजीशी वाद घालू नको. मी काय केलं सांगू? माझ्या दुसऱ्या वेळी सासूबाईंना म्हटलं, "डॉक्टरांनी सहा महिने बंदी केलीय, तुमच्याएवढीच त्यांनाही काळजी आहे." डॉक्टरांवर ढकललं की घरात शांतता राहते. त्या बदल्यात त्यांना तेल लावायचं आणि अंगाईचं खातं दिलं, खूश झाल्या.

उन्हाळ्यात बाळाला तहान लागते ही भीती मलाही होती. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं गं. तहान लागली तर ते जास्त वेळा पितं, एवढंच. तू मात्र तांब्याभर पाणी शेजारी ठेवून बस.

तुझंच पोट बिघडलं तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पावसाळ्यात विचारशील, पहाटे तीनला. दूध थांबवायचं नाही. साध्या जुलाबाचे जंतू दुधातून जात नाहीत, ते जातात न धुतलेल्या हातातून. उलट तुझं आतडं ज्या जंतूशी झुंजतंय, त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी दुधात उतरायला लागते. पुढे बाळाला घेऊन पुण्याला गेलीस की तिथल्या जंतूंचीही नोंद अशीच होत जाईल. हात साबणानं धुवायचे, नखं कापलेली ठेवायची, बांगड्यांखालीसुद्धा घासायचं, आणि पाजत राहायचं.

दूध कमी आलं, किंवा बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर स्वतःला गुन्हेगार समजू नकोस. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी. दुसऱ्या आयांचं दान केलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून त्यांना दिलं जातं. त्या तापवण्यात थोडी राखण कमी होते, पण बरीच टिकते. तेही नाही जमलं आणि डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं तर द्यायचं, लाजायचं नाही. फक्त वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, आणि भांडी दर वेळी उकळून. बाटलीचं बूच माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस.

शीवरून घाबरू नको हे मात्र आधीच सांगते. अंगावर पिणारं बाळ दिवसात आठ-दहा वेळा पिवळी, दाणेदार, पातळ शी करू शकतं, आणि मजेत असतं. ते जुलाब नव्हेत. माझ्या धाकटीच्या वेळी मी वहीत शीचा हिशेब ठेवला होता, रंगासकट. नवऱ्यानं ती वही चुकून दूधवाल्याला दाखवली.

पण बाळ ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, शीत रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली, लघवी कमी झाली किंवा टाळू खोल दिसली, तर मला फोनसुद्धा करायचा नाही. सरळ दवाखाना, रात्री दोन वाजलेले असले तरी. महिन्याच्या आतल्या बाळाला घरचे उपाय नाहीत. आईच्या अँटीबॉडी तिला ओळखीच्या असलेल्या जंतूंपुरत्याच, आणि वारेतून आलेल्या तर काही महिन्यांत विरून जातात. तोवर बाळाची स्वतःची फौज उभी राहते, आणि सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात तोंडातून रोटाव्हायरसची लस असते, ती चुकवायची नाही.

घरात आत्ताच एवढं करून घे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला तोटी बसवून घे, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेव, म्हणजे कुणाचा हात बुडणार नाही. पाणी आलं की पहिल्या एक-दोन बादल्या अंगणात, झाडांना. चार दिवस पाइपात साचलेली घाण त्यातच असते. तुझ्या बाबांना हे पटणार नाही, पाणी वाया जातं म्हणतील. त्यांना म्हणावं, तुळस नातवासाठी वाट बघतेय.

अंटिन उंडी करायला घेतलीय तुझ्यासाठी. डिंक फुलला, खोबरं भाजून झालं, खारीक तेवढी कुटायचीय. पुण्याला तुम्ही डिंकाचे लाडू म्हणता ते. बाळंत झालीस की रोज सकाळी एक, दुधाबरोबर. दोन मागू नकोस, जड पडतात. मी खाल्ले होते.

ऐकलंस? नळ गुरगुरायला लागला. निम्मी गल्ली घागरी घेऊन बाहेर आली असेल. तुझ्या बाबांना उठव आणि पहिल्या दोन बादल्यांचं सांग. मी माझ्या भरून येतेच तिकडे.